बाहेर बहावा फुलला, कुंडीतला मोगरा मात्र नुसता पानांनी माजलाय

गच्चीवाली: बारा इंची कुंडीत बटमोगरा आहे. वैशाख लागला, समोरचा बहावा पिवळाजर्द झाला, पण मोगऱ्याला पानंच पानं. चार कळ्या आल्या, त्याही जांभळट पडून गळाल्या. सकाळचं ऊन मिळतं, तेही गॅलरीच्या जाळीतून. महिन्याला चमचाभर युरिया, रोज पाणी. काय चुकतंय?

कुंडीकर: युरिया आजच बंद करा. त्यातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड पानंच काढत बसतं. मोगऱ्याची कळी येते नव्या फुटव्याच्या शेंड्यावर, म्हणून छाटणी हवीच. मोठी छाटणी जानेवारी-फेब्रुवारीतली. ती हुकली असेल तर आता हलकी करा: प्रत्येक फांदी शेंड्यापासून दोन-तीन पेरं खाली, डोळ्याच्या (जिथून नवा कोंब फुटतो तिथल्या) जरा वर कापा. आत वाढलेल्या मरतुकड्या काड्या बुडातून काढा. वरची दोन इंच माती उकरून दोन मुठी कुजलेलं शेणखत आणि चमचाभर बोनमील (हाडांची पूड) मिसळा. साधारण महिन्याभरात कळ्या दिसाव्यात. अर्थात पाच-सहा तास थेट ऊन मिळालं तर. जाळीतल्या उन्हावर मोगरा फुलवायचा हट्ट सोडा, कुंडी गच्चीवर न्या.

बांधावरची: जांभळ्या कळ्यांचा दोष युरियावर ढकलू नका. एक कळी नखानं फोडून बघा. भोक आणि आत बारीक अळी असेल तर ती कळी पोखरणारी अळी. भोक नाही, पण बूड फुगून कळी खुंटलीय, तर कळीमाशी. दोन्हींत खराब कळ्या खुडून घराबाहेर टाका. कुंडीत पडू दिल्या तर कळीमाशीची अळी मातीत जाऊन कोष करते, आणि पुढचा बहरही जातो. लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि थोडा पातळ साबण, आठवड्याच्या अंतरानं तीनदा. फवारा संध्याकाळीच, भर उन्हात पानं करपतात.

गच्चीवाली: भोक नाही, बूड फुगलंय! फवारलेली फुलं माठात चालतील?

बांधावरची: नाही. फवारणी चालू असेपर्यंत पाण्यात वाळाच टाका.

कुंडीकर: आणि गजऱ्यासाठी कळी पूर्ण पांढरी, टपोरी पण मिटलेली असताना दुपारी चारच्या पुढे तोडा, ओल्या फडक्यात ठेवा. दिवेलागणीला उमलते. हिरवट तोडली तर तशीच राहते. बहर ओसरला की त्या शेंड्यांना पुन्हा कात्री लावा, पावसाआधी आणखी एक बहर मिळतो.