एओडी चढतो तेव्हा पीएम २.५ उतरतो: पुण्याचा हिशेब जुळवायचा कसा?

धुरकट_सकाळ (प्रश्न)

पुण्यातल्या स्वयंचलित केंद्रांचा तासागणिक पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) आणि मोडिसचा (टेरा, अ‍ॅक्वा या उपग्रहांवरचं उपकरण) मायॅक पद्धतीने काढलेला एक किलोमीटरचा एओडी (एमसीडी१९ए२, ५५० नॅनोमीटर; हवेतले कण म्हणजे एरोसोल प्रकाश किती अडवतात त्याचं माप) समोरासमोर ठेवतोय. डिसेंबर-जानेवारीत पीएम भरपूर, एओडी मध्यम. एप्रिल-मेमध्ये एओडी चढलेला आणि पीएम उतरलेला. वर्षभराची एकच सरळ रेषा ओढली तर आर-स्क्वेअर (रेषा किती जुळते त्याचा आकडा) दाखवण्याच्या लायकीचा येत नाही.

१. एओडीवरून जमिनीजवळचा पीएम काढायचा तर मध्ये काय काय घालावं लागतं?
२. कण कोणत्या उंचीवर आहेत हे पुण्यासाठी कॅलिप्सोवरून (वरून लेसर सोडणारा उपग्रह) कळेल का?
३. संस्थेच्या गच्चीवर ढगांची उंची मोजायला लावलेला एक सिलोमीटर आहे. त्याचा या कामी उपयोग होतो का?

आणखी एक. शिवाजीनगरचा पिक्सेल मिळतो, पाषाणचा फाइलीत सापडतच नाही. अक्षांश-रेखांश दोनदा तपासून झाले.

कणमोजणी

शेवटचं आधी, कारण ते सोपं आहे. अक्षांश-रेखांश बरोबर असतील, फाइल अपुरी आहे. मोडिसच्या सायनुसॉइडल जाळ्यात आडवी जागा म्हणजे रेखांश गुणिले अक्षांशाचा कोसाइन, आणि -१८० पासून मोजत दर १० ला नवी टाइल (नकाशाचा चौकोन). शिवाजीनगर: ७३.८५ × ०.९४८२ = ७०.०२, म्हणजे एच२५व्ही०७ (आडवा क्रमांक २५, उभा ०७). पाषाण: ७३.८०५ × ०.९४८१ = ६९.९८, म्हणजे एच२४व्ही०७. टाइलची शिवण ७३.८३ पूर्वेच्या आसपास पुण्याच्या मधूनच जाते. दोन्ही टाइल उतरवा, जोडा आणि मगच शहराची हद्द कापा.

फाइल उघडल्यावर तीन गोष्टी पाहून घ्या. आकड्यांना ०.००१ ने गुणायचं असतं. रिकाम्या जागी -२८६७२ भरलेलं असतं. ते न गाळता सरासरी काढली तर निकाल हास्यास्पद येतो आणि लगेच कळतो, पण आधी शेजारच्या पिक्सेलवरून इंटरपोलेशन केलं असेल तर चूक लपून बसते. तिसरं म्हणजे एका दिवसाच्या फाइलीत अनेक फेऱ्यांचे थर असतात, टेरा आणि अ‍ॅक्वा दोघांचेही. त्यांची घाऊक सरासरी घेऊ नका, प्रत्येक थराची वेळ फाइलीच्या माहितीत दिलेली असते.

क्यूएच्या (पिक्सेलच्या दर्जाची नोंद) १६ बिटांपैकी ८ ते ११ शून्य असतील तेच पिक्सेल ठेवायचे. मात्र इतकं कडक गाळलं की धुराचे किंवा धुळीचे दाट लोट कधीकधी ढग समजून बाहेर पडतात, म्हणजे नेमके वाईट दिवस गळतात. गाळण्याआधीचा आणि नंतरचा हिस्टोग्राम शेजारी ठेवून पाहा.

उंचीचा_हिशेब

एओडी ही जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या खांबाची बेरीज आहे. तुमचं केंद्र त्या खांबाच्या तळाचे दोन-चार मीटर मोजतं, तेही हवा तापवून, कोरडी करून. मधला दुवा असा (थर म्हणजे जमिनीलगतची हवा जिथवर घुसळून मिसळते तो मिश्रण-थर, क्षीणन म्हणजे कणांनी प्रकाश अडवणं):

पीएम २.५ ≈ (एओडी × थराच्या आतला वाटा) ÷ (थराची उंची × कोरड्या कणांची क्षीणन-क्षमता × आर्द्रतेचा गुणक)

समजा, जानेवारीतली दुपार. एओडी ०.५, सगळे कण एक किलोमीटरच्या थरात नीट मिसळलेले. क्षीणन झालं ५०० प्रति मेगामीटर. क्षमता ४ चौरस मीटर प्रति ग्रॅम आणि हवा कोरडी म्हणून गुणक १.१ धरला तर सुमारे ११४ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. आता मे. एओडी तोच ०.५, पण निम्मा भाग वरच्या धुळीच्या थरात आणि खालचा मिश्रण-थर तीन किलोमीटर. खालचं क्षीणन ८३, आणि त्याच गुणकांनी उत्तर १९. एओडीचा आकडा जागचा हलला नाही आणि पीएम सहापटीने बदलला. शिवाय धुळीचे कण जाड. ग्रॅममागे ते प्रकाश बरेच कमी अडवतात आणि त्यांचं बरंच वजन २.५ मायक्रॉनच्या पलीकडे असतं. म्हणून ४ हा आकडा मेमध्ये आंधळेपणाने लावू नका. आंगस्ट्रॉम घातांक (तरंगलांबीनुसार एओडी किती झपाट्याने बदलतो त्याचा आकडा) पाहा: ०.५ च्या खाली असेल तर जाड कणांचं राज्य, १.२ च्या वर गेला तर धूर आणि ज्वलनाचे बारीक कण.

आर्द्रतेचा गुणक हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी १ या आकड्याच्या जवळ असतो. ८० टक्क्यांच्या वर तो दुप्पट किंवा त्याहून जास्त होऊ शकतो, कारण सल्फेट-नायट्रेटचे कण पाणी पिऊन फुगतात. मुंबईची किंवा पणजीची आकडेवारी घेतली तर ही पायरी वगळून चालणारच नाही.

वेळेचा घोळ सगळ्यात जास्त लोकांना नडतो. पुणे ८२.५ पूर्वेच्या पश्चिमेला असल्याने स्थानिक सौरवेळ घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे. अ‍ॅक्वाची नाममात्र दुपारी १.३० ची फेरी म्हणजे आपल्या घड्याळात दोन वाजून गेलेले, टेराची १०.३० ची म्हणजे अकराच्या पुढे. त्यात उपग्रहाला दिसणाऱ्या पट्ट्याच्या कडेला पुणे आलं तर आणखी इकडेतिकडे, आणि दोन्ही उपग्रहांच्या कक्षा आता सरकत चालल्या आहेत, टेराची अलीकडे आणि अ‍ॅक्वाची पलीकडे. उपग्रहाची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), केंद्राची आयएसटी (भारतीय). तासाची सरासरी तासाच्या सुरुवातीच्या नावाने लिहिली आहे की शेवटच्या, हे केंद्रागणिक तपासा. आणि कृपा करून २४ तासांच्या सरासरीशी तुलना करू नका. हिवाळ्यात पीएमचा कळस पहाटे आणि रात्री असतो, थर दबलेला असताना. तेव्हा मोडिसला दिसत काहीच नाही, त्याला सूर्यप्रकाश लागतो.

निळी_लेसर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ऋतूसाठी हो, एखाद्या दिवसासाठी जवळजवळ नाही.

कॅलिप्सो २८ एप्रिल २००६ ला सुटला आणि त्याचं काम १ ऑगस्ट २०२३ ला थांबलं. लेसर ५३२ आणि १०६४ नॅनोमीटरची, जमिनीवर सुमारे ७० मीटरचा ठिपका, दर ३३३ मीटरवर एक. आठ किलोमीटरच्या खाली ५३२ ची उभी बारकाई ३० मीटर. छानच, पण तो पट्टा नाही, दोरा आहे. १६ दिवसांत फेरी पुन्हा त्याच वाटेवर आणि शेजारच्या दोन वाटांत विषुववृत्तावर १७० किलोमीटरहून जास्त अंतर. सर्वात जवळचा दोरा शहरापासून ऐंशी किलोमीटरवर असला तरी नवल नाही, आणि मधे सह्याद्री. कोकणाचा खारा थर आणि देशावरची धूळ एकाच प्रोफाइलमध्ये (उंचीनुसार केलेल्या मोजमापात) कालवली जाते ती इथे.

लेव्हल २ चे पाच किलोमीटरचे प्रोफाइल घ्या. सीएडी गुण (ढग की एरोसोल ते सांगणारा) -१०० ते -२० मधलेच ठेवा (ऋण म्हणजे एरोसोल, धन म्हणजे ढग), क्षीणनाचा क्यूसी (दर्जाची खूण) ० किंवा १. रात्रीच्या फेऱ्या दिवसाच्या कितीतरी पट स्वच्छ, कारण दिवसा सूर्याचा उजेड हाच गोंगाट. पण रात्रीचं प्रोफाइल दुपारच्या एओडीला चिकटवताना खालचा थर बदललेला असतो. वरच्या थरांचा वाटा रात्रीच्या फेऱ्यांवरून घ्या, खालची उंची दुसरीकडून. जमिनीच्या अगदी जवळचे खण (उंचीचे टप्पे) डोंगराळ भागात जमिनीच्याच परावर्तनाने बिघडतात, ते सोडून द्या.

क्षीणन हे थेट मोजलेलं नसतं हेही ध्यानात असू द्या. परत आलेल्या प्रकाशाला लिडार-गुणोत्तराने (क्षीणन भागिले परत फिरलेला प्रकाश; लिडार म्हणजे लेसरचं रडार) गुणून ते काढतात, आणि ते गुणोत्तर कणांच्या प्रकारावरून ठरवलेलं असतं: चौथ्या आवृत्तीत ५३२ साठी धूळ ४४, प्रदूषित धूळ ५५, समुद्री २३, प्रदूषित खंडीय आणि धूर ७०. प्रदूषित धुळीला चुकून धूर ठरवलं की क्षीणन सव्वापटीहून जास्त वाढलंच.

२०२४ च्या २८ मेला सुटलेल्या अर्थकेअरवरचा अ‍ॅटलिड ३५५ नॅनोमीटरवर रेणूंचा आणि कणांचा प्रकाश वेगवेगळा पकडतो, त्यामुळे तिथे गुणोत्तर गृहीत धरावं लागत नाही. दोन मालिका जोडताना ३५५ आणि ५३२ मधला फरक विसरू नका.

धुरकट_सकाळ

टाइलचा गुंता सुटला, पाषाण सापडलं. आभार! सिलोमीटर ९१० नॅनोमीटरचा आहे, डीपोलरायझेशन (कणांचा आकार ओळखण्याची सोय) नाही. वर सरळ उभा रोखलेला आहे. मेमध्ये दुपारी दोन-तीन तास प्रोफाइल नुसतं मुंग्यांनी भरल्यासारखं दिसतं.

गच्चीवरचा_लिडार

त्या मुंग्या सूर्याच्या आहेत. पुण्यात १३ मेच्या सुमाराला शून्य सावली दिवस, पुन्हा जुलैच्या अखेरीस. मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला जास्तीत जास्त पाच अंश जातो. सरळ उभं उपकरण म्हणजे त्याच्या वाटेवर दुर्बीण लावून बसणं. डिटेक्टर नुसता गोंगाट करत नाही, कायमचा खराबही होऊ शकतो. उपकरण उत्तरेला दहा अंश कलवा. तिथे क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं उत्तरेकडचं अंतर) साडेअठ्ठावीस अंश होते आणि सूर्य साडेतेवीसच्या पुढे कधी जातच नाही. दक्षिणेला कलवलं तर मात्र तारीख तेवढी बदलते, धोका तोच. कलवल्यावर उंची ०.९८५ ने गुणा. काही उपकरणं कोन ओळखून हे स्वतःच करतात, दोनदा गुणू नका.

आता उपयोग. तुमच्याकडून ढगाचा पाया नको, कच्चं प्रोफाइल हवं. सेटिंगमध्ये उंचीनुसार गुळगुळीत करणारा किंवा वरचा गोंगाट दाबणारा पर्याय असेल तर बंद. मग क्रमाने:

तोंडावर टोपी घालून अर्धा तास नोंद घ्या आणि तो उपकरणाचा स्वतःचा ठसा प्रत्येक प्रोफाइलमधून वजा करा. हे न केल्यास दोन-तीन किलोमीटरवर न असलेला थर दिसतो, आणि तुमच्या मे महिन्याच्या प्रश्नाला नेमकं हेच घातक. सर्वात वरच्या खणांवरून पार्श्वभूमी वजा करा, अंतराच्या वर्गाने गुणा, दहा ते तीस मिनिटांची सरासरी घ्या. जवळच्या पल्ल्यात लेसर आणि दुर्बिणीचं क्षेत्र पूर्ण एकमेकांवर येत नाही. काही १०६४ च्या उपकरणांत ते पूर्ण व्हायला किलोमीटरभर लागतं, तिथे कंपनीने दिलेली दुरुस्ती लावूनही तळाचे दोनशे मीटर संशयानेच पाहा. ९१० च्या एकाच भिंगाच्या उपकरणांत ही अडचण बरीच कमी.

कॅलिब्रेशन. १०६४ वर रात्री निर्मळ हवेतल्या रेणूंच्या विखुरण्याशी जुळवता येतं. ९१० वर तो संकेत फार क्षीण, म्हणून ढग वापरा. दाट, पाऊस न पडणाऱ्या पाण्याच्या ढगातून परत आलेल्या प्रकाशाची बेरीज १ भागिले (२ × १८.८, अशा ढगाचं लिडार-गुणोत्तर), म्हणजे ०.०२६६ प्रति स्टेरेडियनच्या आसपास यायला हवी, बहुविध विखुरण्याची दुरुस्ती वेगळी. पुण्याचा पावसाळा असे सपाट ढग फुकट देतो. रिमझिम सुरू झाली की तो तास टाकून द्या. शिवाय ९१० ला पाण्याची वाफ प्रकाश शोषते. मेच्या आणि जुलैच्या हवेत हा फरक मोठा पडतो, तेव्हा वाफेचं प्रोफाइल घालून दुरुस्ती करा.

पुढची पायरी एओडीने बांधून घेण्याची. पाषाणला आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) २००४ पासून एरोनेटचा (जमिनीवरून एओडी मोजणारं जागतिक जाळं) सूर्य-फोटोमीटर आहे. त्याचा एओडी आंगस्ट्रॉम घातांकाने ९१० वर न्या: ५५० वर ०.५ आणि घातांक १.२ असेल तर ९१० वर सुमारे ०.२७. लिडार-गुणोत्तर २० ते ९० मध्ये फिरवत राहा, जिथे प्रोफाइलची बेरीज या आकड्याला मिळते ते त्या वेळचं गुणोत्तर. ९० च्याही बाहेर जायला लागलं तर कॅलिब्रेशन बिघडलंय किंवा काच मळलीय. गच्चीवर मार्च ते मे आठवड्यातून एकदा काच मऊ कापडाने आणि डिस्टिल्ड पाण्याने पुसा; कोरड्या कापडाने घासली तर धूळच काचेला ओरखडे पाडते.

थराची उंची काढताना सकाळी फसायला होतं. संकेत सर्वात झपाट्याने कुठे पडतो ते शोधणारी पद्धत सकाळी आठला आदल्या संध्याकाळच्या उरलेल्या थराचा माथा दाखवते, आणि खरा मिश्रण-थर त्याच्या बराच खाली, जमिनीपासून दोन-तीनशे मीटरवर असतो. शोध सकाळी तळापासून वर चालवा आणि एका टप्प्यात किती उडी घेऊ द्यायची यावर मर्यादा घाला.

कणमोजणी

एक भर. हे सगळं करूनही वर्षभरासाठी एकच गुणक मागू नका. ऋतूगणिक वेगळा, जमल्यास दिवसागणिक वेगळा उतार असलेलं मिश्र-परिणाम मॉडेल लावा, आणि तपासताना अख्खी केंद्रं बाजूला ठेवा, सुटे दिवस नव्हे. जून ते सप्टेंबरचे जे मोजके पिक्सेल मिळतात ते पाऊस उघडलेल्या दिवसांचे असतात. त्यांना पावसाळ्याची सरासरी म्हणायचं नाही. आलेखात ती जागा रिकामी सोडा.