चिनी बारावीचे इंग्रजी उतारे आपल्या मुलांना द्यावेत का?

प्रश्न (दादर): मराठी माध्यमातून आलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. उताऱ्यातले वाक्य जसेच्या तसे उचलून उत्तरात उतरवण्याची त्यांची सवय मोडावी, यासाठी चीनच्या ‘गाओकाओ’ प्रवेशपरीक्षेतील उतारे सरावाला घ्यावेत असे मनात आहे. तेथील वाचनविभागाचे स्वरूप कसे असते?

उत्तर १ (मुलुंड): ताई, राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत (शांघाय, बीजिंगची वेगळी असते) इंग्रजीच्या १५० गुणांपैकी ५० वाचनाला आहेत. चार उताऱ्यांवर १५ बहुपर्यायी प्रश्न येतात. पहिला उतारा बहुधा माहितीपत्रकासारखा, शेवटचा विचारप्रधान. मला त्यानंतरचा भाग अधिक मोलाचा वाटतो: एका उताऱ्यातून पाच वाक्ये काढून घेतलेली असतात आणि दिलेल्या सात वाक्यांतून योग्य ती निवडून रिकाम्या जागी बसवायची असतात. तिथे पाठांतर कामाला येत नाही. ‘हाउएव्हर’ने विचार कुठे वळला, ‘दे’ हे सर्वनाम मागच्या कोणत्या नामासाठी आले, हे पाहावेच लागते.

उत्तर २ (गिरगाव): उतारे जरूर घ्यावेत, पण बहुपर्यायी प्रश्नांचे पर्याय झाकून. पर्याय समोर दिसले की मुले अंदाजपंचे एकेक बाद करत जातात, आणि आपल्या बोर्डाला तर उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहून हवे असते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे, सर. मग वाक्ये बसवण्याचा भाग तसाच ठेवते आणि विचारप्रधान उताऱ्यांचा सारांश लिहून घेते.