हानेडा–लॉस एंजेलिस: अंतर चुकतंय, वेळही जुळत नाही

नकाशेवाला:
स्प्रेडशीटमध्ये हॅवरसाइनचं सूत्र (गोलावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं) टाकलंय. अक्षांश, रेखांश असे: टोकियोचा हानेडा विमानतळ ३५.५५२३, १३९.७७९८, लॉस एंजेलिस ३३.९४२५, ११८.४०८१. उत्तर येतं १,९५७ किमी, म्हणजे उघडच चूक. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यामुळे असं होतंय का? शिवाय अंतराला ताशी ९०० किमीने भागलं तर दोन्ही बाजूंना वेळ सारखाच यायला हवा. वेळापत्रकात मात्र जाताना दहाच्या आसपास आणि येताना पावणेबारा-बारा तास दिसतात. पोचायची वेळ तर निघायच्या आधीची!

शून्य_रेखांश:
वाररेषेचा काही दोष नाही. सूत्रात रेखांशांच्या फरकाच्या निम्म्या कोनाच्या साइनचा वर्ग असतो, त्यामुळे फरक २५८.१९ अंश धरा नाहीतर १०१.८१, उत्तर तेच. घोळ चिन्हाचा आहे. लॉस एंजेलिस पश्चिमेला, म्हणून −११८.४०८१ हवं. उणे सुटल्यामुळे तुमचा विमानतळ चीनमध्ये जाऊन पडलाय! अंशांचे रेडियन तुम्ही केलेले दिसतात, नाहीतर नेमकं १,९५७ आलं नसतं.

चिन्ह लावल्यावर वर्गमुळाखालची राशी ०.४०६७५ येते. वर्गमूळ काढून त्याच्या आर्कसाइनची दुप्पट १.३८३२ रेडियन, गुणिले पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी म्हणजे ८,८१२ किमी. पृथ्वी पूर्ण गोल न धरता जीपीएसचा डब्ल्यूजीएस-८४ लंबगोल धरला, तर वीसएक किमी जास्त येतील. वेळेच्या हिशोबात तो दीड मिनिटाचाही फरक नाही, सोडून द्या. अगदी काटेकोर हवं असेल तर लंबगोलावर अंतर काढणारी कार्नीची पद्धत वापरा. त्याच कामाची विन्सेंटीची पद्धत पृथ्वीच्या जवळपास विरुद्ध टोकांवरच्या जोड्यांना कधीकधी उत्तरापर्यंत पोचतच नाही.

ब्लॉक_टाइम:
९०० हा हवेतला वेग. भागायचं जमिनीवरच्या वेगाने. आधी अंतरात २-३ टक्के वाढवा, कारण विमान नेमक्या बृहद्वर्तुळावरून (गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेने) जात नाही. धरा ९,०५० किमी. आता जेट स्ट्रीमचा (उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याचा) सरासरी परिणाम ताशी ९० किमी मानला, तर पूर्वेकडे ९९० च्या वेगाने ९ तास ८ मिनिटं, पश्चिमेकडे ८१० ने ११ तास १० मिनिटं. टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून चालणं), चढण आणि उतरण यांची मिळून ३५ मिनिटं वर घाला: पावणेदहा आणि पावणेबारा.

हिवाळ्यात फरक वाढतो, उन्हाळ्यात कमी होतो. परतीचं विमान वारा चुकवायला वेगळ्याच वाटेने येतं, म्हणून दोन्हीकडचं अंतरही एक नसतं. आणि येताना वाया गेलेला वेळ जाताना वाऱ्याने वाचलेल्या वेळाने पूर्ण भरून निघत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं.

यूटीसी_प्लस_नऊ:
पोचायची वेळ बरोबरच असणार. सगळं यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) करा. हानेडाहून १७:०० म्हणजे ०८:०० यूटीसी. त्यात ९:४५ मिळवले की १७:४५. लॉस एंजेलिस हिवाळ्यात उणे ८, म्हणून त्याच तारखेला सकाळी ०९:४५. डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे) चालू असताना उणे ७, तेव्हा १०:४५. टोकियोत हा बदल होत नाही. म्हणून तासांचा फरक शीटमध्ये कायमचा लिहू नका, तारखेवरून काढा.

नकाशेवाला:
चिन्ह बदललं, ८,८१२ आलं. २-३ टक्के सगळ्या मार्गांना चालतील?

ब्लॉक_टाइम:
नाही. हेलसिंकी–टोकियो बघा. बृहद्वर्तुळाने सुमारे ७,८०० किमी, पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे. २०२२ पासून युरोपीय विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, तेव्हापासून जवळपास तेरा. असे मार्ग सूत्रावर सोडू नका; मधले बिंदू टाकून तुकड्यातुकड्याने अंतर मोजा आणि बेरीज करा.