हरितलवकाचा वृक्ष एक सांगतो, आयटीएसचा दुसरा. खरा कुठला धरायचा?

देठ:
प्रबंधासाठी एकाच प्रजातीतल्या जवळच्या जातींचं डीएनएवरून नातं लावतेय, म्हणजे वंशवृक्ष काढतेय. प्रजातीचं नाव आत्ता देत नाही, काम छापायचं बाकी आहे. हरितलवकातले (पेशीतल्या हिरव्या कणांतले) आरबीसीएल आणि मॅटके हे जनुक, केंद्रकातला आयटीएस, असे डीएनएचे तीन तुकडे वाचून घेतलेत. आयटीएसच्या वृक्षात माझी केसाळ पानांची जाती इतर केसाळ पानांच्या जातींतच बसते. फुलं बघूनही तेच वाटतं. मॅटकेमध्ये मात्र ती सरळ गुळगुळीत पानांच्या गटात जाते, आणि तिथे बूटस्ट्रॅप (फांदी किती भरवशाची, शंभरपैकी) ९६! आरबीसीएल तर काहीच बोलत नाही, सगळ्या जाती एकाच बिंदूतून फुटतात. सर म्हणतात, तिन्ही जोडून एक वृक्ष काढ आणि मोकळी हो. जोडून पाहिलं, तर नेमकी त्याच फांदीवर बूटस्ट्रॅप ५०च्या आसपास घसरतो. काय करू?

रानजाई:
आधी नमुन्यावर संशय घे. नळ्यांची अदलाबदल झालेली नाही ना? आयटीएसचे प्रायमर (तो तुकडा हेरणारे डीएनएचे छोटे धागे) पानात राहणाऱ्या बुरशीचाही डीएनए उचलतात, तेव्हा प्रत्येक सिक्वेन्स ब्लास्टमध्ये (आधीच्या सिक्वेन्सशी जुळवून बघायच्या साधनात) टाकून बघ. आणि ज्या झाडाचं पान घेतलंस त्याच झाडाचा नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवलायस का? नसेल तर उद्या कोणी विचारलं की ही जाती नक्की हीच कशावरून, तर दाखवायला हातात काही नाही.

काटेसावर:
मला एक कळत नाही. फुलं बघून ओळखता येतंय, मग एवढा खटाटोप कशाला?

पुंकेसर:
काटेसावर, फुलं बघूनच लोकांनी कमळ आणि कुमुद शेजारी बसवले होते. डीएनएने कमळाला चिनार आणि मॅकाडेमियाच्या गणात नेलं, कुमुद सपुष्प वनस्पतींच्या अगदी जुन्या फांदीवर राहिलं. तुमच्या काटेसावरीचं जुनं कुळही मोडलं, ती आता कापूस-जास्वंदीच्या कुळात आहे.

देठ, आरबीसीएलवर रागावू नकोस. हा जनुक फार सावकाश बदलतो. १९९३ साली सुमारे ५०० वनस्पतींचा मोठा वृक्ष त्याच्याच जोरावर उभा राहिला, कारण कुळाकुळांमधलं जुनं नातं दाखवायला असाच संथ जनुक लागतो. सख्ख्या जातींमध्ये त्याच्याकडे सांगण्यासारखं काही साठलेलंच नसतं.

आता मुख्य मुद्दा. ९६ हा आकडा काय म्हणतो? मॅटकेच्या माहितीतून ती फांदी पुन्हापुन्हा निघते, एवढंच. तो इतिहास मॅटकेचा आहे, जातीचा असेलच असं नाही. सपुष्प वनस्पतींत हरितलवक बहुधा फक्त आईकडून येतं. आपल्या आडनावाच्या बरोबर उलट, आणि आडनावावरून आजोळ कळत नाही तसंच इथे वडिलांचं घराणं कळत नाही. मोहरी घे. ब्रासिका जुन्सिया ही ब्रासिकाच्याच रापा आणि नायग्रा या जातींच्या संकरातून आली, हे नागाहारू यू यांनी १९३५ सालीच दाखवलं. गुणसूत्रांच्या जोड्यांचा हिशोबही जुळतो: १० आणि ८ मिळून १८. तिचं हरितलवक रापाकडचं. नुसत्या मॅटकेवर विसंबलीस तर जुन्सिया रापाची बहीण ठरेल आणि नायग्राचा पत्ताच लागणार नाही.

म्हणून जोडू नकोस. दोन खणखणीत साक्षी एकमेकींच्या विरुद्ध असताना त्यांची सरासरी काढली की दोन्ही वाया जातात. ते तुझे ५० तिथूनच आले. प्रबंधात दोन्ही वृक्ष समोरासमोर छाप. आयटीएसचे क्रोमॅटोग्राम (प्रत्येक अक्षराचं शिखर दाखवणारे आलेख) डोळ्यांनी पाहिलेस, की सॉफ्टवेअरने दिलेली अक्षरं तशीच घेतलीस?

देठ:
रानजाई, नमुने ठेवलेत. लांबच्या वस्तीतलं दुसरं झाडही केलं, निकाल तोच, बुरशी नाही.
पुंकेसर, आत्ता उघडून बघितले. काही जागी दोन शिखरं एकावर एक आहेत. मी त्याला गोंगाट समजून मोठं शिखर घेत होते. पण ज्या जागी केसाळ आणि गुळगुळीत गट वेगळे आहेत, बहुतेक दुहेरी शिखरं नेमकी तिथेच आहेत!

पुंकेसर:
मग हाच तुझ्या प्रबंधाचा गाभा. केंद्रकात आयटीएसच्या शेकडो प्रती असतात. संकरानंतर हळूहळू त्या एकसारख्या होत जातात, कधी एका पालकाच्या बाजूने पूर्ण झुकतात. तुझ्या जातीत अजून दोन्ही उरलेल्या दिसतात. एवढ्यावर लगेच 'संकर' लिहू नकोस मात्र. जाती घाईघाईने फुटल्या असतील तर पूर्वजातलेच जुने फरक वेगवेगळ्या फांद्यांत वाटले जातात आणि वृक्ष असेच भांडतात. प्रती वेगळ्या करून वाच, मुळांच्या टोकांवरून गुणसूत्रं मोज, आणि जमलं तर केंद्रकातले एकेरी प्रतीचे जनुक घे. २०२४ सालच्या मोठ्या वृक्षात असेच ३५३ जनुक ९,५००हून अधिक जातींसाठी वापरले, त्यात हर्बेरियममधले जुने वाळलेले नमुनेही होते. तुला एवढे नकोत, थोडे पुरतील.

रानजाई:
आणि गुळगुळीत पानांची जाती तिच्या शेजारी उगवते का, तेही बघ. शेजारच्या दोघींचं हरितलवक एकच आणि लांबच्या वस्तीत वेगळं निघालं, तर देवाणघेवाण अलीकडची.

देठ:
दोन्हीकडे उगवते, एकाच उतारावर. फुलोऱ्याचा काळ थोडा पुढेमागे. सरांना उद्या क्रोमॅटोग्रामच दाखवते.