नैराश्याच्या चाचणीसाठी माणसं मिळेनात, अडतंय कुठे?

नवी_कोऑर्डिनेटर: नैराश्यावरच्या एका समुपदेशन पद्धतीची चाचणी सुरू आहे. चिठ्ठी निघेल त्याप्रमाणे निम्म्यांना नवी पद्धत, निम्म्यांना नेहमीचे उपचार. ओपीडी रोज भरलेली, पण नोंदणी रखडलीय. पोस्टर लावली, माहितीपत्रकं वाटली. लोक संशोधन म्हटलं की घाबरतात का?

जुना_समन्वयक: पोस्टरचं सोडा, आधी स्क्रीनिंगची वही उघडा, म्हणजे चाचणीत कोण बसतं हे तपासल्याची नोंद. किती जण नको म्हणाले, किती निकषात बसले नाहीत आणि किती जणांना कुणी विचारलंच नाही, हे वेगळं काढा. माझ्या अनुभवात शेवटचा आकडा डोळे पांढरे करणारा असतो. 'आत्ताच कुठे सावरतेय, तिला कशाला त्रास' असं म्हणून डॉक्टर परस्पर नकार देऊन टाकतात. हेतू चांगला, पण तो नकार पेशंटचा नसतो! शिवाय चिठ्ठीवर उपचार ठरणं बऱ्याच डॉक्टरांना मनातून पटलेलं नसतं, आणि ते उघड बोलत नाहीत. ईमेलने हे सुटत नाही, समोर बसावं लागतं.

निकषही तपासा. अमेरिकेतल्या नैराश्यावरच्या स्टार-डी चाचणीत नेहमीच्या दवाखान्यांतले ४,००० हून जास्त पेशंट घेतले होते. औषध-चाचण्यांचे नेहमीचे कडक निकष लावून पाहिले, तर विश्लेषणातले जेमतेम २२ टक्के त्यात बसत होते.

पेशंट_होते: मी अशा चाचणीत होते. माहितीपत्रक कित्येक दिवस उशाशी पडून होतं, पहिल्या पानापुढे वाचवेना. नकार नव्हता हो, ताकदच नव्हती. मग चाचणीवाल्या बाईंचा फोन आला, "वाचलं नसेल तर मी वाचून दाखवू का?" तेव्हा कुठे कळलं की मधेच सोडलं तरी माझे उपचार बंद होणार नाहीत. ते पत्रकात होतं म्हणे, पार शेवटी.

जुना_समन्वयक: वरचं सोन्यासारखं आहे. उत्तर न देणाऱ्यांना फोनवर आठवण केली तर नोंदणी थोडी वाढते, असं कॉक्रेनच्या (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यातही आहे. मात्र एथिक्स कमिटीची (संशोधनात पेशंटचं हित जपलं जातंय ना हे पाहणारी समिती) मंजुरी आधी घ्या, आणि 'नाही' ऐकलं की पुन्हा फोन नको.

नवी_कोऑर्डिनेटर: वही बघितली. 'विचारलं नाही' असा रकानाच नाही. नाव न घालता नुसतं कारण लिहिलं तर चालेल?

जुना_समन्वयक: चालायला हवं, पण तेही कमिटीच्या कानावर घाला. वय, लिंग, कारण, बस. आणि कारण डॉक्टरांच्याच शब्दांत लिहा.