डोंगरी जमातीचा देवधर्म रचतोय, मदत हवी

शाहूपुरीचा मामा (सातारा):
भाचा आणि त्याचे मित्र रविवारी माझ्या खोलीवर जमतात. मी गोष्ट सांगतो, पोरं त्यातली पात्रं होतात आणि फासे टाकून पुढं काय घडतं ते ठरवतात. या खेळासाठी मी 'झडकरी' नावाची एक जमात रचलीय. कातळाच्या सड्यांवर पाच पाडे, राजा कुणी नाही, ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत धो धो पाऊस. देवी झडजाई. वय मोजायचं ते कारवीच्या फुलोऱ्यावर, आपल्या कासची टोपली कारवी सात वर्षांनी फुलते तसं. तीन फुलोरे पाहिल्याशिवाय लग्न नाही.

शिखरावर सोन्याचं देऊळ आणि चाळीस पुजारीही ठेवले होते. भाचा म्हणाला, "मामा, हे चाळीस जण तिथं खातात काय? आणि पावसाळ्यात कोण मेलं तर जाळतात कशानं?" तिथंच घोडं अडलंय. जाणकारांनी सांगावं.

जावळीची आत्या:
भाच्याला खेळाचा मालक करा, तुम्ही नुसतं लिहून घ्या!

सोन्याचं देऊळ आधी काढा. अहो, कातळावर नाचणी-वरी पिकवणारी माणसं ती, चाळीस रिकामी तोंडं कुठून पोसणार? आमच्या डोंगरात झाडाखाली शेंदूर लावलेला धोंडा असतो, आणि कितीतरी ठिकाणी देवाला छप्पर चालत नाही म्हणतात. झडजाईचंही तसंच करा. पाऊस तिचा, तर पहिली भिजणार तीच. पुजेला एक गुरव पुरे, तोही सकाळी पूजा उरकून नांगराला जाणारा.

आता मढ्याचं. पावसाच्या आधी लाकूडफाटा, शेणी माळ्यावर चढवायच्या, कुडाला गवताच्या झडी बांधायच्या, ही डोंगरातल्या प्रत्येक घराची वैशाखातली धांदल. तुमच्या झडकऱ्यांत दर घरानं आणखी एक सुकी मोळी गावाच्या माळ्यावर द्यायची. ती मढ्याची मोळी. चुलीला लावायची नाही, कितीही गारठा असो.

पण नुसता नियम सांगून सोडलात तर पोरं जांभया देतील. भाद्रपदात एका घरी सून बाळंत होते. लाकडं भिजलेली, चूल धुपतीय, मूल काळंनिळं पडतंय. सासू उठते आणि माळ्यावरनं मोळी काढते. आठ दिवसांनी शेजारचा म्हातारा जातो आणि मोळी एक कमी भरते. इथनं खेळ सुरू करा. म्हाताऱ्याच्या लेकाचं पात्र जरा तापट पोराला द्या.

कुणीतरी म्हणेलच की देवराईतलं तोडा. तर देवराईतली पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, देवाचा कौल मिळाला तरच. कौल म्हणजे देवाला डावी-उजवीकडं फुलं चिकटवायची. उजवीकडलं पडलं तर हो, डावीकडलं पडलं तर नाही. कुठलं फूल किती ओलं केलं की आधी पडतं, हे तुमच्या गुरवाला पक्कं ठाऊक असू द्या. गावालाही ते ठाऊक असू द्या. तरी सगळे कौल मानतात, कारण तो मोडला तर भावकीतली भांडणं मिटवायची कुणी?

माणदेशी मेंढका:
सगळे डोंगर ओलेच का हो असतात तुमचे? जिल्हा एकच, पण महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या पुढं पाऊस आणि आमच्या माणात पाचशेच्या आतबाहेर. झडकऱ्यांना एक कोरडा शेजारी द्या. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन सड्यावर येणारा. आमच्याकडं शिखर शिंगणापूरला चैत्रात कावडी मुंगी घाटानं वर चढतात. सासवडकरांची कावड तर कऱ्हा नदीचं पाणी घेऊन येते. कोरड्या मुलखात देवाला पाण्याहून मोठं काय देणार? झडकरी मात्र ते बघून हसतील, पाणी कुणी वर चढवतं होय! त्या हसण्यावरनं एक हाणामारी फुकटात मिळाली तुम्हाला.

आणि कारवी सगळ्या डोंगरांवर एकाच वर्षी फुलत नाही, बरं का.

वारणाकाठ (सांगली):
एक प्रश्न. ही माणसं कधी खाली उतरली तर देवी येते का? आम्ही चांदोलीच्या जंगलातनं उठवून खाली वसवलेले. अर्धी भावकी म्हणाली देव सोबत न्यायचा, अर्धी म्हणाली जागा सोडली की तो देव राहत नाही. आता खाली एक देऊळ आहे, आणि देवाच्या वरच्या मूळ जागेला जायचं तर वन खात्याची परवानगी काढतो. जत्रा दोन, वर्गणी दोनदा. चुलते दोन्हीकडं जेवून येतात.

शाहूपुरीचा मामा:
एकोणचाळीस पुजारी घरी पाठवले. उरलेला गुरव भाच्यानंच घेतलाय, फुलं कशी ओली करायची ते विचारतोय. वरच्या पाड्यात कारवी दोन वर्षं उशिरा फुलते असं ठरवलं. त्यामुळं खालच्या पाड्यातल्या मुलीचं लग्नाचं वय झालंय आणि वरच्या पाड्यातला तिच्याच वयाचा नवरदेव अजून दोन फुलोऱ्यांचाच. दोन्हीकडचे मामा तावातावानं भांडतायत. बगाड मात्र ठेवणार, म्हणजे नवसाच्या माणसाला गाड्यावरच्या उंच लाकडाला टांगून मिरवायचं. रंगपंचमीला बावधनचं बघून आल्यापासून पोरं ऐकत नाहीत.

आत्या, सासूला दंड काय लावू? दोघं म्हणतात वाळीत टाका, दोघं म्हणतात सोडून द्या.

जावळीची आत्या:
वाळीत टाकलं तर पुढच्या पावसाळ्यात तिचं मढं कोण उचलणार? ते गावालाच महागात पडेल. येत्या वैशाखात त्या घरानं दोन मोळ्या जास्त द्यायच्या. एक म्हाताऱ्याची फेड, एक बाळाच्या नावाची. आणि सुकी आहे का ते म्हाताऱ्याच्या लेकानं मोडून बघायचं. ओली निघाली तर परत.