धर्मशाळेतली रडणारी बाई

प्रेमभंगाने जीव दिलेली बाई जुन्या धर्मशाळेत रात्री जिना चढते आणि पहाटे किंचाळते, अशी एक गोष्ट सांगतात. आपल्या भुतावळीत ही बसत नाही बघा. बाळंतपणात गेली ती अळवंत. नुसत्या प्रेमभंगाची बाई विलायती सराईतली पाहुणी वाटते. शनिवारवाड्याच्या वाट्याला आले तेही १७७३ साली खून झालेले नारायणराव पेशवे.

आता किंचाळी. गव्हाणी घुबड घुमत नाही, चिरकतं. पिल्लं फुसफुसतात, थेट दाबलेल्या हुंदक्यासारखी. दिवसा माळ्यावर बॅटरी मारा. तुळईखाली पांढरे ओघळ आणि घुबडाने ओकलेले अंगठ्याएवढे काळपट गोळे असतील, तर नाकाला रुमाल बांधून एक गोळा कोमट पाण्यात भिजवा, काडीने उकला. आत उंदराची कवटी आणि केस निघतील. घुबडाला हुसकू नका.

पावलांसाठी झोपण्याआधी पायऱ्यांवर रांगोळी चाळणीने पातळ भुरभुरवा. जवळ पंखा नको, सगळी उडते. मांजराची चार बोटं उमटतात, उदमांजराची पाच. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर उदमांजर आढळतं. ठसा नाही पण आवाज आहे, तर लाकूड: थंडीत रात्री पारा उतरला की फळी जरा हलते, सैल खिळ्याशी घासते.